मनसरचा डोंगर आणि पायथ्याची शेती

कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेस रामटेकला न गेलेला शेतकरी आपल्या जिल्ह्यात विरळाच. गडावर चढावे, रामरायाचे दर्शन घ्यावे आणि परतताना मनसरच्या फाट्यावर गाडी धरावी, हा सर्वांचा क्रम आहे. त्या फाट्याजवळच्या झाडीने झाकलेल्या डोंगराकडे मात्र निरखून पाहणारे थोडे. वस्तुतः पायथ्याच्या गावांतील मातीची प्रत, विहिरींचे पाणी आणि जमिनीवरील हक्काची मर्यादा, या तिन्ही गोष्टी त्या डोंगराशी बांधलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

दगडावरून माती

आम्ही राहतो ते नंदनवन नागपूर शहराच्या पूर्व भागात आहे. या बाजूस मुरमाखाली करडा, पट्टेदार व चकाकणारा दगड लागतो. भूगर्भशास्त्री त्यास नीस म्हणतात. शहराच्या पश्चिमेस सीताबर्डीपासून पुढे काळा पाषाण सुरू होतो. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीतून वाहिलेल्या तप्त रसाचा थर होय. नंदनवनाहून जबलपूरच्या रस्त्यास लागले म्हणजे कामठीकडे वाळूचा दगड आढळतो, कन्हान नदीकाठी गाळाची जमीन लागते आणि नागपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर मनसरला पोचताच पुन्हा फार जुना खडक वर येतो. एवढ्या थोड्या अंतरात इतक्या जातींचे दगड असल्यामुळेच हिस्लॉप व हंटर या नागपूरच्या दोघा मिशनऱ्यांनी १८५५ साली या प्रदेशाच्या दगडांची सविस्तर हकीकत प्रसिद्ध केली.

शेतकऱ्यास यातून घ्यावयाचा पहिला धडा असा की, माती ही दगडाची लेक आहे. काळा पाषाण झिजून काळी व मोरंड जमीन होते. कपाशी व संत्रा तीत चांगला येतो. मनसर-रामटेककडील अभ्रकी व गारगोटीयुक्त दगड झिजून बहुधा बरडी व रेताडी जमीन होते. तिच्यात ओल टिकत नाही. म्हणूनच त्या बाजूच्या पूर्वजांनी तलाव बांधून धानाची शेती केली. हा त्यांचा हट्ट नव्हता, तर जमिनीची पारख होती.

काळा दगड आला कोठून

मनसरच्या खडकांचा समूह ‘सौसर समूह’ या नावाने ओळखला जातो. शंभर कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही पूर्वी येथे समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळू व चिखलाबरोबर मँगनीजही साचले. पुढे भूमीच्या पोटातील दाब व उष्णता यांमुळे ते थर घडीवर घडी पडून भाजून निघाले आणि चिखलाचा अभ्रकी दगड, वाळूची गारगोटी व मँगनीजयुक्त गाळाचे कठीण काळे खनिज झाले. या समूहाच्या एका थरास मनसरचेच नाव दिलेले आहे. १९०९ साली भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे फर्मर यांनी देशातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात येथील एका विशिष्ट दगडास त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. हा दगड व खनिज फार टणक असल्यामुळे भोवतालची जमीन झिजली तरी ते टेकडीच्या रूपाने उभे राहिले. खनिज डोंगरावर सापडते, यात म्हणून नवल नाही. खनिजाच्या कठीणपणामुळेच येथे डोंगर राहिला आहे.

खाणीचा इतिहास

या डोंगरास माणसाचा हात लागला तो काही खाणीपासून नव्हे. मनसरच्या हिडिंबा टेकडीवर वाकाटककालीन विटांच्या वास्तूंचे अवशेष उघडे झाले असून, दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. खनिजाचा धंदा मात्र १९०० च्या सुमारास सुरू झाला. १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश मंडळीने मनसर, कांद्री इत्यादी ठिकाणी उघड्या खाणी चालविल्या. पोलाद करताना त्यातील गंधक व प्राणवायूचा दोष काढण्यास मँगनीज लागते. १९०५ च्या रशियातील क्रांतीमुळे तेथील माल अडला आणि आपल्याकडील दगडास एकदम भाव चढला. डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापला जाई; स्त्रीपुरुष मजूर हातोड्याने दगड फोडून, हाताने वेचून टोपल्यांनी वाहत.

१९६२ साली सरकारच्या भागीदारीने ‘मँगनीज ओअर इंडिया’ ही कंपनी झाली, १९७७ मध्ये उरलेले विदेशी भागही सरकारकडे आले आणि २०१० पासून तिचे नाव ‘मॉइल’ झाले. तिची कचेरी नागपुरातच आहे. कामे खोल जाऊ लागली तशी भुयारी खाण आली. पोकळी झालेल्या जागी वाळू भरून छत सावरण्याची रीत तेथे आहे.

दगड कोणाचा?

आम्ही महसुली कारकून असताना एक कास्तकार काळा दगड फडक्यात बांधून आमच्या टेबलाशी आला. एका दलालाने थोडा इसारा देऊन त्याची सही घेतली होती, त्याच्या बरडीत खड्डा केला होता आणि गाड्या भरून माल नेला होता. तपासणी झाली तेव्हा दलाल गावात नव्हता. दंडाची नोटीस निघाली ती कास्तकाराच्या नावे. त्याने विचारले, “साहेब, जमीन माझी, सातबारा माझा, मग दगड कोणाचा?” उत्तर आमच्या मागील कपाटातच होते. वर्षानुवर्षे ते आमच्या हाताशी असून आम्ही कोणास आपण होऊन सांगितले नव्हते. ती नोटीसही आमच्याच अक्षरात होती. हा लेख लिहिण्याचे खरे कारण हेच.

ते उत्तर असे. मध्यप्रांताच्या काळीही खनिजांवरचा हक्क सरकारने राखलेला होता. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे मालकी हक्कही सरकारकडे आले. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ अन्वये खनिजांचा हक्क राज्य सरकारचा आहे, आणि विनापरवाना खनिज काढल्यास मालाच्या किमतीच्या कित्येक पट दंड होतो. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याखालील पट्ट्यावाचून मँगनीज काढता येत नाही. २०१५ पासून असे पट्टे सामान्यतः लिलावाने दिले जातात.

परंतु शेतकरी अगदीच रिकामा नाही. पृष्ठभाग वापरल्याने ज्याच्या हक्कास बाध येतो, त्यास नुकसानभरपाई मिळावी अशी तरतूद त्याच कलमात आहे. तसेच २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण इत्यादी कामांसाठी असतो. त्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने लेखी करावी.

शेतात जड काळा दगड सापडल्यास प्रथम चिनी मातीच्या फुटक्या कपाच्या खरखरीत कडेवर तो घासावा. काळी वा तपकिरी-काळी रेघ उठली तर मँगनीज असू शकेल. लालसर रेघ लोखंडाची खूण आहे. काळी रेघ उठून दगड चुंबकास चिकटला तर तेही लोहखनिजच समजावे. त्यानंतर जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यास लेखी कळवावे. कोऱ्या कागदावर सही मात्र कोणासही देऊ नये.

झाडी आणि पाणी

अशा खडकात पाणी राहते ते फक्त वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत. डोंगरावरील साग, तेंदू, मोह यांची झाडी पावसाचा वेग मोडते. म्हणून पाणी हळूहळू मुरून तलावास व विहिरीस मिळते. झाडी गेली की तेच पाणी एका रात्रीत धावते, गाळ तलावात आणि खडे बांधीत टाकते. खोल खाणीतील पाणी उपसले म्हणजे जवळच्या विहिरी खाली जाण्याचा संभव असतो. म्हणून खाणीलगतच्या गावांनी दरसाल दिवाळीनंतर व मृगापूर्वी विहिरींची पातळी मोजून वहीत लिहावी. तक्रारीच्या वेळी तोंडी शब्दापेक्षा ही वही अधिक वजनदार ठरते, हे आम्ही नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

खाण वाईट, असे आमचे म्हणणे नाही. नांगराचा फाळही पोलादाचाच आहे. परंतु खाण एकदाच पिकते आणि शेत दरसाल पिकते. यंदा यात्रेस जाल तेव्हा मनसरच्या फाट्यावर घटकाभर थांबून तो डोंगर पाहावा, आणि घरी आल्यावर आपला सातबारा काढून त्यावर आपले काय आहे व काय नाही, हे एकदा नीट वाचावे, एवढीच वाचकांस विनंती.