भंगारातील मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर

सुरगाणा-पेठचा डोंगराळ प्रदेश, निफाड-दिंडोरीचे द्राक्षमळे आणि येवला-नांदगावचा अवर्षणप्रवण पट्टा अशी तीन निरनिराळ्या प्रकारची भूमी नाशिक जिल्ह्यात एकत्र नांदते. या तिन्ही भागांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दूध संकलन केंद्र, बाजार समिती, वाडीवरील शाळा किंवा औद्योगिक वसाहतीतील कामाची पाळी गाठण्याचे ते साधन झाले आहे. परंतु नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. मग वापरलेली गाडी पाहिली जाते; आणि तीही परवडली नाही तर अनेक वर्षे बंद पडलेली, अपघातात सापडलेली अथवा लिलावात निघालेली गाडी घेऊन ती चालू करण्याचा विचार मनात येतो.

हा विचार चुकीचा नाही. योग्य क्रमाने काम केल्यास अशी गाडी पुढे अनेक वर्षे सेवा देऊ शकते. परंतु क्रम चुकला तर मजुरीतून साठविलेला पैसा वाया जातो, नकळत चोरीची गाडी पदरी पडते आणि सर्वांत वाईट म्हणजे इंजिन सुरू झालेली पण ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर येते. म्हणूनच प्रथम कागद, नंतर इंजिन आणि इंजिनाइतकेच ब्रेक हा क्रम प्रत्येकाने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

गाडी येते कोठून ?

नाशिक शहरात औद्योगिक वसाहतींच्या आश्रयाने अंबड-सातपूर लिंक रोडवर मोठा भंगार बाजार वाढला होता. त्यातील अनधिकृत बांधकामांविरुद्ध महानगरपालिकेने २०१७ मध्ये मोठी मोहीम राबविली आणि २०२५ मध्ये पुन्हा कारवाई केली. अशा बाजारात सुटा भाग स्वस्त मिळतो. मात्र तो कोणत्या गाडीचा, हे सांगणारा कागद बहुधा मिळत नाही. यास्तव खरेदीची पावती देणाऱ्या विक्रेत्याकडूनच माल घ्यावा.

दुसरा मार्ग सरकारी लिलावाचा. गुन्ह्यात जप्त झालेली किंवा बेवारस सापडलेली वाहने पोलीस ठाण्यांच्या आवारात ऊन-पावसात गंजत पडलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये असे सांगितले की, जप्त वाहने दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात काहीच लाभ नाही. पंचनामा, छायाचित्रे व योग्य हमी घेऊन त्यांची लवकर व्यवस्था लावावी. त्यामागील तत्त्व साधे आहे. यंत्र उभे राहिले की त्याचे मोल दररोज घटत जाते. एक पावसाळा उघड्यावर काढलेली गाडी आणि पाच पावसाळे काढलेली गाडी यांच्या दुरुस्तीखर्चात फार मोठे अंतर पडते.

प्रथम कागद

पाना हाती घेण्यापूर्वी चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक तपासावेत. चेसिस क्रमांक बहुतेक गाड्यांत हँडलखालील सांगाड्याच्या नळीवर आणि इंजिन क्रमांक इंजिनाच्या खोक्यावर ठोकलेला असतो. दोन्ही क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळले पाहिजेत. त्या जागी घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा असतील तर व्यवहार तेथेच थांबवावा. गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय, दंडाची चलने थकली आहेत काय आणि नोंदणी रद्द झालेली आहे काय, याचीही खात्री करावी.

यातील शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार, नष्ट झालेल्या किंवा कायमची निकामी झालेल्या वाहनाची माहिती मालकाने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते व त्यानंतर नोंदणी रद्द होते. २०२१ मध्ये वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रांसाठी स्वतंत्र नियमही करण्यात आले. ज्या गाडीची नोंदणी अशा रीतीने संपुष्टात आली आहे, तिचे इंजिन कितीही उत्तम चालू झाले तरी ती रस्त्यावर आणता येत नाही. अशी गाडी 'सुट्या भागांसाठी' म्हणूनच व त्याच किमतीत घ्यावी.

खाजगी व्यक्तीकडून गाडी घेतल्यास नमुना २९ व ३० भरून मालकी हस्तांतरण करावे लागते. जाहीर लिलावातील गाडीसाठी नमुना ३२ असून ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो. खाजगी दुचाकीची नोंदणी मुळात १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर नमुना २५ भरून, गाडीची तपासणी करून घेऊन व पर्यावरण कर भरून पुढील ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. हा सर्व खर्च गाडीच्या किमतीत आधीच मिळवून पाहावा.

घाईने किक मारू नये

गाडी घरी आणताच जोराने किक मारून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा. बंद सिलिंडरमध्ये गंज चढलेला असल्यास पिस्टनच्या रिंगा मोडतात, सिलिंडरवर ओरखडे उमटतात आणि थोडक्यात निभावणारे काम बोअरिंगवर जाते.

प्रथम स्पार्क प्लग काढावा. त्या छिद्रातून थोडे इंजिन ऑइल सोडून गाडी काही तास तशीच ठेवावी. पिस्टन जाम असल्यास तेलात थोडे डिझेल मिसळून एक-दोन दिवस मुरू द्यावे. नंतर गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हलकेच पुढे-मागे फिरवावे. इंजिन मोकळे होत असल्याचे हाताला जाणवते. तरीही ते हलले नाही, तर बळ न लावता सिलिंडर उघडणेच हिताचे.

त्यानंतर इंजिनातील जुने तेल काढावे. ते ताकासारखे पांढरट दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या जोरदार पावसात उघड्यावर राहिलेल्या गाडीत ही शक्यता अधिक. येवल्याकडील उन्हात राहिलेल्या गाडीचे रबर, नळ्या व टायर आधी तपासावेत. सायलेन्सर व एअर फिल्टर यांत उंदरांनी वा कीटकांनी घर केले आहे काय, हेही पाहावे.

ठिणगी, इंधन आणि दाब

पेट्रोल इंजिनास चालू होण्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात : योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात इंधन-हवा आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट तपासावी. तिन्हींना एकाच वेळी हात घातल्यास गाडी कशामुळे चालू झाली हे कळत नाही आणि ती पुन्हा बंद पडली की मिस्त्रीही गोंधळतो.

ठिणगी पाहण्यासाठी काढलेला प्लग त्याच्या टोपीत बसवून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि किक मारावी. जवळपास उघडे पेट्रोल असता कामा नये. निळसर, ठळक ठिणगी चांगली. पिवळट, क्षीण ठिणगी दोष दाखविते. जुन्या राजदूत, येझदी किंवा बुलेटमध्ये कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. त्यांवर चढलेला थर बारीक पॉलिश पेपरने काढून फट नीट लावल्यास अनेकदा तेवढ्यानेच काम होते. अलीकडील गाड्यांत पॉइंट नसतात. तेथे तारांचे सांधे, कॉइल व इलेक्ट्रॉनिक युनिट तपासावे लागते. बॅटरी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, हे न पाहता दुसरी जोडू नये.

इंधनाच्या बाबतीत जुने पेट्रोल वापरूच नये. टाकी उतरवून रिकामी करावी, त्यात छोटे नट टाकून हलवावे आणि सुटलेला गंज पूर्णपणे धुऊन टाकी कोरडी करावी. कार्बोरेटरच्या जेटची छिद्रे चिकट थराने बुजलेली असतात. ती हवेच्या दाबाने साफ करावीत. तारेने टोकरल्यास छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. २०२५ पासून देशातील पंपांवर प्रामुख्याने २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषून घेते व जुन्या रबरी भागांना बाधू शकते. म्हणून पेट्रोलची नळी व कार्बोरेटरची रबरे नवीच घालावीत आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास टाकी रिकामी करावी.

दाबाची प्राथमिक परीक्षा अंगठ्याने होते. प्लगच्या छिद्रावर अंगठा दाबून धरावा व किक मारावी. हवेने अंगठा जोराने उडवून लावला पाहिजे. तसे न झाल्यास रिंगा, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांत दोष आहे, असे समजावे.

इंजिन प्रथम सुरू करताना दोन-स्ट्रोक व चार-स्ट्रोक हा भेद विसरू नये. राजदूत वा येझदीसारख्या दोन-स्ट्रोक गाडीस पेट्रोलमध्ये ठराविक प्रमाणात तेल मिसळावेच लागते. कोऱ्या पेट्रोलवर चालविल्यास पिस्टन अल्पावधीत जाम होतो. चार-स्ट्रोक गाडीत नवे तेल भरून, प्लग काढलेला असतानाच काही वेळा हलकी किक मारावी, म्हणजे तेल वरच्या भागापर्यंत पोहोचते.

ब्रेक : दुर्लक्षित निम्मे काम

इंजिनाचा आवाज ऐकू येताच काम संपले असे वाटते. वस्तुतः निम्मे काम तेथून पुढे असते. ब्रेक शू झिजलेले, चिकटलेले किंवा तेलाने माखलेले असल्यास बदलावेत. क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटरच्या केबली नव्या घालणे हाच शहाणपणा. टायरची जाडी दिसते, पण वय दिसत नाही. ते बाजूवरील चार अंकी संख्येवरून कळते. उदाहरणार्थ, २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३ वा आठवडा. बाजूंना भेगा पडलेला टायर, नक्षी शाबूत असली तरी, टाकूनच द्यावा. सांगाड्याला तडा गेलेला किंवा पुढचा फोर्क वाकलेला असेल, तर ती गाडी घरगुती दुरुस्तीची नव्हे.

पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागी व कमी वेगात घ्यावी. कसारा घाट किंवा सप्तशृंगगडाचा उतार ही नव्याने उभी केलेल्या गाडीची परीक्षा घेण्याची जागा नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर येण्यापूर्वी वैध नोंदणी, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि डोक्यावर प्रमाणित हेल्मेट या चारही गोष्टी हव्यात. नाशिक शहर पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून 'हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही' ही मोहीम हाती घेतली होती, हे येथे स्मरणीय आहे.

गावपातळीवर काय करता येईल ?

गावातील तरुण अशा व्यवहाराबाबत बहुधा सरपंच, शिक्षक किंवा ओळखीच्या कर्मचाऱ्याचाच सल्ला घेतो. पंचायत सदस्यांनी त्याला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी क्रमांक व नोंदणी तपासण्यास सांगावे. तांत्रिक शिक्षण देणाऱ्या शाळांना एखादे जुने इंजिन मिळवून 'ठिणगी, इंधन, दाब' हा पाठ प्रत्यक्ष दाखविता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या गावच्या मुलांना अशा प्रात्यक्षिकासाठी बोलावता येईल. ज्यांच्या आवारात वाहने पडून आहेत, त्या कार्यालयांनी त्यांची यादी करून निर्गतीची कार्यवाही वेळेत केल्यास, त्या वाहनांपैकी काही तरी दुरुस्तीयोग्य अवस्थेत गरजूंच्या हाती पडतील.

बंद पडलेली गाडी पुन्हा धावू लागणे ही समाधानाची गोष्ट खरीच. परंतु ती कायदेशीररीत्या आपली असली पाहिजे आणि हवी तेथे थांबली पाहिजे. या दोन अटी पुऱ्या झाल्या तरच स्वस्तात घेतलेली गाडी खऱ्या अर्थाने स्वस्त पडते.