उतारावरची उष्णता

कॅलिफोर्नियातील नापा आणि सोनोमा ही डोंगराळ खोरी वाइनच्या द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील डोंगरवाटांवर आज जाड टायरांच्या ‘माउंटन बाइक’ धावतात. शेजारच्याच मरिन परगण्यात १९७६ साली डोंगर उतरण्याची सायकल-शर्यत सुरू झाली. तीन-साडेतीन किलोमीटरांच्या वाटेत उंची सुमारे ४०० मीटरांनी कमी होई.

त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये असे. पायडल उलटे दाबले की तो लागे. पायथ्याशी पोचेपर्यंत हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले!

एवढी उष्णता आली कोठून? स्वार व सायकल यांचे वस्तुमान ९० किलोग्रॅम धरू.

स्थितिज ऊर्जा = ९० × ९.८ × ४०० = ३,५२,८०० ज्यूल.

एक लिटर साधे पाणी उकळायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. यातील काही भाग हवेच्या रोधात खर्च होतो. बराचसा ब्रेकमधील घर्षणाने उष्णतेत बदलतो. बंद हबमधून ती लवकर बाहेर पडत नाही. आजच्या डिस्क ब्रेकची तबकडी उघड्या हवेत फिरते, म्हणून लवकर निवते.

तरीही लांब उतारावर वेग आधीपासूनच आटोक्यात ठेवावा. ब्रेक सतत घासत न ठेवता मधूनमधून लावावा, म्हणजे त्याला निवायला सवड मिळते.

आता सांगा: एकूण वस्तुमान ६० किलोग्रॅम आणि उतार १०० मीटर उंचीचा असेल, तर किती ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागेल?