त्वचेचे डाग आणि पुटकुळ्या : ओळख, उपचार आणि सावधगिरी

शरीराचा सर्वांत मोठा अवयव कोणता, असे वर्गात विचारले तर बहुतेक विद्यार्थी यकृताचे किंवा फुप्फुसाचे नाव घेतात. वस्तुतः हा मान त्वचेचा आहे. ऊन, धूळ, जंतू आणि इजा यांपासून ती आपले रक्षण करते, घामावाटे शरीराचे तापमान राखते आणि स्पर्शाचे ज्ञान देते. असे असूनही त्वचेकडे आपण पाहतो ते मुख्यतः रूपाच्या दृष्टीने. आरोग्याच्या दृष्टीने तिचा विचार क्वचितच होतो.

बुऱ्हाणपूर परिसरात त्वचेला सोसावे लागणारे ताण पुष्कळ आहेत. निमाडचा उन्हाळा प्रखर असतो. तापीकाठच्या केळीच्या बागांत व कापसाच्या शेतांत स्त्री-पुरुष भर उन्हात राबतात, तर शहरातील यंत्रमागांवर उष्मा, घाम, कापसाची धूळ आणि यंत्राचे तेल यांच्याशी कारागिरांचा रोजचा संबंध येतो. त्यामुळे मुरूम, वांग, काळे डाग आणि पांढुरके चट्टे या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. यांपैकी बहुतेक विकार साध्या व स्वस्त उपायांनी आटोक्यात येतात. धोका आहे तो उतावीळपणे, न विचारता लावलेल्या मलमांचा. म्हणून या विकारांची नेमकी ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

त्वचेचा रंग कशामुळे?

त्वचेच्या बाह्य थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. गोऱ्या व सावळ्या माणसांच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात व प्रकारात. हे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. सावळा वर्ण हा रोग नव्हे, तर उन्हाच्या प्रदेशात निसर्गाने दिलेले ते कवच होय. ज्याला रोगच नाही, त्यावर औषध नसते, ही गोष्ट प्रथम मनावर ठसली पाहिजे.

मुरूम किंवा तारुण्यपिटिका

वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. केसांच्या मुळाशी असलेली छिद्रे तेलाने व मृत पेशींनी बुजतात, त्यांत जंतूंची वाढ होते आणि लाल, दुखऱ्या पुटकुळ्या उठतात. नाकावर दिसणारे काळे ठिपके मळाचे नसतात. छिद्रातील द्रव्याचा हवेशी संयोग होऊन ते काळे पडते. म्हणून चेहरा पुनःपुन्हा साबणाने घासल्याने मुरूम जात नाहीत, उलट त्वचा अधिक चिडते. रक्त ‘खराब’ झाल्याने मुरूम येतात, हाही गैरसमजच होय.

चेहरा दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने व साध्या पाण्याने धुवावा. कपाळावर उतरेल इतके तेल केसांना लावू नये. पुटकुळी फोडू नये, कारण फोडल्याने खड्डा व काळा डाग मागे राहतो. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा किंवा दंतमंजन चेहऱ्यावर चोळू नये. यंत्राच्या तेलाने भिजलेले कपडे अंगाला चिकटून राहिले तर हातांवर व मांड्यांवरही अशाच पुटकुळ्या येतात. तेव्हा कारागिरांनी काम संपताच कपडे बदलून स्नान करावे.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीन ही औषधे लावली जातात. त्यांचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात थोडी कोरड किंवा आग होते. तेवढ्यावरून अनेक जण उपचार सोडतात व दुसऱ्या मलमाच्या शोधात निघतात. तीव्र मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन हे गुणकारी औषध आहे. परंतु गर्भावस्थेत ते घेतल्यास अर्भकात गंभीर व्यंग निर्माण होते. म्हणून ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय कदापि घेऊ नये.

काळे डाग आणि वांग

मुरूम, खरूज किंवा कीटकदंश बरा झाल्यावर त्या जागी राहणारा काळसर डाग आपल्या सावळ्या त्वचेत अधिक ठळक दिसतो. मूळ कारण दूर झाले की तो काही महिन्यांत हळूहळू फिकट होतो.

वांग हा प्रकार वेगळा आहे. दोन्ही गाल, कपाळ आणि वरचा ओठ यांवर तपकिरी पट्टे उमटतात. स्त्रियांत तो अधिक आढळतो. गर्भारपण, संततिनियमनाच्या काही गोळ्या, आनुवंशिकता आणि मुख्यतः ऊन ही त्याची कारणे होत. वांगावरील पहिले औषध म्हणजे सावली. शेतात जाताना रुंद काठाची टोपी, डोक्यावरून घट्ट घेतलेला पदर किंवा ओढणी यांचा उपयोग करावा. शक्य असल्यास तीस किंवा अधिक संरक्षण-अंकाचे सूर्यरोधक मलम लावावे. रंग उतरविणारी औषधे डॉक्टर ठरावीक मुदतीपुरतीच देतात. ती परस्पर वर्षानुवर्षे लावल्यास डाग अधिक गडद होऊ शकतात.

पांढुरके चट्टे : भेद ओळखा

लहान मुलांच्या गालावर येणारे फिकट, कोरडे चट्टे जंतांमुळे येतात असा सार्वत्रिक समज आहे. तो निराधार आहे. साध्या खोबरेल तेलाने किंवा व्हॅसलीनने कोरडेपणा कमी होतो आणि चट्टे कालांतराने जातात. छाती-पाठीवर घामाच्या दिवसांत उठणारी शिबे बुरशीमुळे होतात व बुरशीनाशक औषधाने बरी होतात. कोड म्हणजे रंगपेशी नष्ट झाल्याने पडणारे पांढरे डाग. कोड संसर्गजन्य नाही व त्याचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही.

मात्र फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श, उष्णता वा वेदना जाणवत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन त्वरित आरोग्य केंद्र गाठावे. बहुविध औषधोपचाराने सहा महिने ते एका वर्षात हा रोग पूर्ण बरा होतो, आणि ही औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. विलंब झाला तर हातापायांत येणारी विकृती मात्र औषधाने परत फिरत नाही. असा बधिर चट्टा गोरेपणाच्या मलमाखाली झाकणे म्हणजे रोगाला वाढण्यास अवधी देणे होय.

दोन घातक मलमे

पहिला धोका स्टेरॉइडयुक्त मलमांचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही औषधे योग्य रोगावर, योग्य मुदतीत उपयुक्त आहेत. पण ती चेहऱ्यावर लावली असता काही दिवसांत कांती उजळल्यासारखी वाटते, आणि येथेच फसगत होते. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नको तेथे केस उगवतात, मुरूम वाढतात. आणि मलम थांबविताच चेहऱ्याची आग होते. त्या भीतीने माणूस पुन्हा तेच मलम लावतो. गजकर्णावर हे मलम लावल्यास खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरत जाते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये नियमांत दुरुस्ती करून त्वचेवर लावावयाची १४ स्टेरॉइड औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा मेलॅनिनची निर्मिती रोखतो, म्हणून बेकायदा ‘गोरेपणाच्या’ मलमांत तो मिसळला जातो. त्वचेतून तो रक्तात व तेथून मूत्रपिंडात पोहोचतो. बुऱ्हाणपूरपासून फार दूर नसलेल्या अकोल्यातील २०२२ चे उदाहरण बोलके आहे. एकाच कुटुंबातील तीन स्त्रिया असे मलम वापरीत होत्या. प्रारंभी चेहऱ्याच्या तजेल्याचे कौतुक झाले. पुढे तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या मलमात पाऱ्याचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट आढळले. चेहऱ्याच्या मलमासारख्या प्रसाधनात अनवधानाने राहिलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असू नये, असा नियम आहे.

ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, घटकांची यादी, तुकडी क्रमांक व मुदत नाही, ती घेऊ नये. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ अशी सूचना असल्यास पाऱ्याची दाट शंका घ्यावी. असे मलम वापरणाऱ्या व्यक्तीच्या पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर मलम तत्काळ बंद करून डबीसह डॉक्टरांकडे जावे. घरातील टॉवेल व उशीवाटे हा पारा मुलांपर्यंतही पोहोचू शकतो.

आपले कर्तव्य

शिक्षकांनी मुरमांवरून होणारी थट्टा वर्गात थांबवावी आणि विद्यार्थ्याच्या अंगावर चट्टा दिसल्यास पालकांना आरोग्य केंद्राकडे पाठवावे. आशा कार्यकर्तींनी घरभेटीत मलमाची डबी पाहण्याची सवय ठेवावी. ग्रामपंचायतींनी आठवडी बाजारात विनालेबल मलमे विकली जात असल्यास औषध निरीक्षकांना कळवावे. दर वर्षी ३० जानेवारीला पाळल्या जाणाऱ्या कुष्ठरोग निवारण दिनी गावसभेत या विषयाची माहिती द्यावी.

लग्न ठरण्याच्या वयात मुलीच्या वर्णाची चर्चा होते आणि तेथूनच अशा डब्या घरात येतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ही चर्चा ज्या घरात थांबेल, त्या घरातील मुलीचे मूत्रपिंडही सुरक्षित राहील. स्वच्छता, सावली, धीर आणि योग्य वेळी वैद्यकीय सल्ला ही निरोगी त्वचेची चतुःसूत्री होय. निरोगी त्वचा मग सावळी असो वा गोरी, ती सुंदरच असते.