उपडा फोन

मनू, काल जेवताना तू माझ्या कानात म्हणालीस, "ताई, आम्ही आता सगळं सिग्नलवर बोलतो, कुणाला पत्ताच लागणार नाही." तेव्हाच बोलणार होते, पण समोर आई बसली होती.

सिग्नल ॲप चांगलंच आहे गं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी वकिलांनी एका खात्याची माहिती मागितली, तर हाती दोनच गोष्टी लागल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. द्यायला दुसरं काही नव्हतंच.

पण तो बंदोबस्त वाटेतला, फोनच्या स्क्रीनवरचा नाही. माझं लग्न ठरायच्या आधीची गोष्ट सांगते. मी पोळ्या लाटतेय, हात पिठाचे, फोन ओट्यावर. स्क्रीन उजळली, त्यावर त्याचं नाव आणि "घरी सांगितलंस का?" आई कुकरखालचा गॅस बारीक करायला आली होती. तिनं काहीएक विचारलं नाही. फोन उचलला आणि उपडा ठेवला. त्यापेक्षा ओरडली असती तर परवडलं असतं. म्हणून आधी नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये जा आणि नाव, मजकूर दोन्ही दिसणं बंद कर.

नंबराशिवाय खातं उघडत नाही, हे मलाही खटकतं. २०२४ पासून युजरनेम घेता येतं, तेवढंच सांगायचं. पण 'नंबर कोणाला दिसावा' आणि 'नंबरावरून कोण शोधू शकेल' ही दोन वेगळी कुलपं आहेत. दुसरं मुळात उघडंच असतं, ते आपण लावायचं. २०२१च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवरून गदारोळ झाला, तेव्हा आपल्या मावश्या-आत्या सिग्नलकडे धावल्या आणि गुड मॉर्निंगची फुलं घ्यायला कुणी नाही म्हणून परत आल्या. ॲप मात्र एकदोघींनी काढलेलं नाही. सुमीआत्याला तू तिथं दिसायला हवीस का, तूच ठरव.

मेसेज आपोआप पुसले जायची मुदत लाव, चार आठवडे ठेवलेस तरी चालेल. स्क्रीनशॉट अडवायची सोय आहे, पण ती तुझ्याच फोनपुरती. समोरच्यानं दुसऱ्या फोनवरून फोटो काढला, तर त्यावर ॲपमध्ये औषध नाही. म्हणजे शेवटी तो कसा आहे यावर आलं. मी त्याला अजून भेटलेले नाही, म्हणून गप्प बसते.

तुमच्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे, ते मात्र बघ. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या बड्या मंत्र्यांनी येमेनवरच्या हल्ल्याची बोलणी सिग्नलच्या ग्रुपवर केली, आणि चुकून एका मासिकाचा संपादकच आत घेतला होता. कुलूप कुणी फोडलं नाही, दार ह्यांनीच उघडलं. आणि होस्टेलवर रूममेटच्या लॅपटॉपवर सिग्नल जोडलं होतंस ना? 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन ते आजच्या आज काढ. नाहीतर तुझं सगळं बोलणं तिकडेही उमटत राहील. पिन आणि रजिस्ट्रेशन लॉकही लावून टाक, दोन मिनिटांचं काम आहे.

आईला मी काही बोललेले नाही. पण काल तू हात धुवायला गेलीस, तेव्हा तुझा फोन उजळला होता. परत आलीस तेव्हा तो उपडा होता ना? मी नव्हता ठेवला.