दुखरा खांदा आणि सोनोग्राफी : काही अनुभवाचे बोल

१. आधी हाताने तपासणी, मग यंत्र. उजवा खांदा एवढा दुखू लागला की वेणी घालायची पंचाईत झाली, रात्री त्या कुशीवर झोप येईना. ग्वाल्हेरच्या आमच्या दाना ओलीत जो तो म्हणे, "एमआरआय करून टाका." हाडांच्या डॉक्टरांनी मात्र आधी माझे दोन्ही हात वर, बाजूला, पाठीमागे न्यायला लावले, मग स्वतः धरून फिरवले. साधा एक्स-रे काढला आणि मग सोनोग्राफी लिहून दिली. चिठ्ठीत कुठली कंडरा (टेंडन) फाटल्याची शंका आहे, तेही लिहिलं. नुसतं "खांदा दुखतो" एवढी चिठ्ठी घेऊन जाऊ नये.

२. उपाशी राहायचं नाही, पोट फुगेपर्यंत पाणी प्यायचं नाही. खांदा मोकळा करता येईल असे सैल कपडे घाला. बायकांनी सोबतीला कुणाला तरी न्यावं.

३. तपासणी चालू असताना पडद्याकडे बघा, विचारा. मला स्टुलावर बसवलं. आधी तळहात वर करून मांडीवर ठेवायला सांगितला. त्यात दंडाच्या पुढची, बायसेप्सची कंडरा दिसते. मग हात बाहेरच्या बाजूला वळवला. मग सोनोग्राफीचे डॉक्टर म्हणाले, "माताजी, हाथ पीछे, जैसे जेब में डाल रहे हों." साडीला कुठला खिसा? त्यांनीच माझा तळवा मागे कमरेवर टेकवला आणि कोपर मागे नेलं. एरवी खांद्याच्या हाडाखाली दडलेली सुप्रास्पायनेटस कंडरा असं केलं की पुढे येते, आणि बहुतेक वेळा फाटते ती हीच. धड असली तर पडद्यावर पोपटाच्या चोचीसारखी दिसते. माझ्या चोचीत खालच्या बाजूला एक काळी चीर होती. मग खांद्यावरचा प्रोब तसाच ठेवून हात हळूहळू वर उचलायला लावला आणि कुठे अडकतं ते तिथल्या तिथे पाहिलं. एमआरआयमध्ये निश्चल पडून राहावं लागतं, हलता खांदा तिथे दिसत नाही. शेवटी डावा, न दुखणारा खांदाही पाहिला. तो पाहायचा राहिला, तर तुम्ही आठवण करा.

४. यंत्राइतकाच हात महत्त्वाचा. कंडरा आरपार फाटली असेल, तर सरावलेल्या हाताची सोनोग्राफी एमआरआयच्या जवळपास पोचते आणि खर्च बराच कमी येतो. अर्धवट फाटलेली ओळखणं अवघड. पुष्कळ केंद्रांत दिवसभर पोटाचं आणि गरोदरपणाचंच काम असतं, म्हणून वेळ घेतानाच विचारा, "आपके यहाँ कंधे की सोनोग्राफी होती है?"

५. सोनोग्राफीला सगळंच दिसत नाही. ध्वनिलहरी हाडापाशी थांबतात. हाडाच्या आतलं आणि सांध्याच्या खोल भागातलं त्यांच्या आवाक्याबाहेर. खांदा आखडला असेल, म्हणजे फ्रोझन शोल्डर असेल, तर ते मुख्यतः हातानेच कळतं : दुसऱ्याने फिरवला तरी खांदा फिरत नाही. शेजारच्या काकूंचं तेच होतं. मधुमेहींना हे जास्त होतं, म्हणून त्यांची साखरही तपासली.

६. रिपोर्टमधल्या "फाटली" या शब्दाने हबकून जाऊ नका. साठीनंतर कित्येकांच्या कंडरा फाटलेल्या असतात आणि त्यांना काही दुखतही नाही. रिपोर्ट घेऊन परत हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. मला त्यांनी शस्त्रक्रिया नको म्हणून सांगितलं, फिजिओथेरपी दिली. आता हात डोक्यामागे जातो. पडल्यानंतर हात एकाएकी उचलता येईनासा झाला, तर मात्र दिवस घालवू नयेत.

७. यंत्र घरी आणा, असा हट्ट धरू नका. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते कुठेही उचलून नेता येत नाही. हा कायदा आपल्या मुलींसाठी आहे. म्हाताऱ्या माणसाला रिक्षाने न्यावं लागलं, तरी तो हवाच.

८. खांद्याचं प्रत्येक दुखणं खांद्याचंच नसतं. पित्ताशयाचा त्रास उजव्या खांद्यात जाणवू शकतो. आणि डाव्या खांद्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर सोनोग्राफीची वेळ घेत बसू नका. कंपू भागातलं जयारोग्य असो वा घराजवळचं दुसरं रुग्णालय, तडक गाठा आणि आधी ईसीजी काढून घ्या.