आधी बूड, मग हात



तंजावरच्या बाजारात राजा-राणीच्या डोलणाऱ्या बाहुल्या मिळतात. कितीही लोटल्या तरी त्या उभ्या होतात. गोल बूड मातीचं, जड, आणि वरचं अंग कागदाच्या लगद्याचं, हलकं. तुझ्या कॉलेजातल्या नव्या रोबोटिक्स संघानं पहिली खरेदी हीच करावी आणि बाहुली कामाच्या टेबलावर ठेवावी. रोबोटही तसाच हवा: बॅटरी आणि मोटरी चौकटीच्या तळाशी, उचलणारा हात शक्य तितका हलका. वळणावर कलंडणारा रोबोट पुष्कळदा एवढ्यानं सुधारतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पैसे गाठचे असले की काय सोडायचं ते आधी ठरवावं लागतं.

२००८ साली पुण्यात एबीयू रोबोकॉन ही रोबोटांची स्पर्धा भरली, तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतला होता. अशा स्पर्धांत एका सामन्यात अनेक कामं असतात आणि प्रत्येकाचे गुण वेगळे. नियमावली संघातल्या प्रत्येकानं वाचावी, कामांपुढे गुण मांडावेत आणि खात्रीनं जमेल असं एकच काम पहिल्या वर्षी धरावं. चार अर्धवट हातांपेक्षा दर खेपेला चालणारी चाकं जास्त गुण आणतात.

रोबोट मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला की पोरं प्रोग्रामला दोष देतात. खोट बहुधा विजेत असते. सुरू होताना मोटर इतका करंट ओढते की व्होल्टेज घसरतं आणि रोबोट चालवणारा आर्डुइनो बोर्ड रीसेट होतो. मोटरींना वेगळी बॅटरी द्यावी, पण ग्राउंड दोन्हींचं एकच ठेवावं. स्वस्तातला एल२९८एन मोटर ड्रायव्हर स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, ७.४ व्होल्टची बॅटरी लावली तर मोटरपर्यंत साडेपाचाच्या आसपास पोचतात. पिवळ्या बीओ मोटरला तेवढे पुरतात. त्याहून मोठी मोटर मागवण्याआधी हा हिशेब कागदावर व्हावा. सळ्या, पट्टे आणि स्टेपर मोटरी भंगारातल्या प्रिंटरमधूनही निघतात.

कागदावरच्या हिशेबावरून आठवण आमच्या तंजावरचीच. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, रंगवलेल्या डोळ्यांच्या चित्रांसकट. संघाची वही तशी असावी: तारीख, काय बदललं, काय झालं, शेजारी आकृती. एका वेळी एकच बदल. सीनियर पास होऊन गेले की नव्या मुलांच्या हाती ही वहीच उरते. मुंबई आयआयटीच्या ई-यंत्र स्पर्धेत उतरायचं ठरलं तरी तिचा उपयोग होईल.

काळी पट्टी ओळखणारा आयआर सेन्सर उन्हात फसतो. म्हणून सेन्सरचे आकडे स्पर्धेच्या जागी, तिथल्या उजेडात पुन्हा जुळवावेत आणि त्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. आदल्या रात्री प्रोग्रामला कुणी हात लावू नये. चालणाऱ्या प्रोग्रामची प्रत पेनड्राइव्हवर असावी.

पोंगलच्या सुट्टीत संघाला घेऊन माझ्याकडे यावं. गच्ची रिकामी आहे, भरदुपारी पट्टी चिकटवून सेन्सर तपासता येईल. वही आणि जादा फ्यूज मात्र सोबत आणावेत.

तुझा मामा