घरात गूळ वापरताना



साखर कारखान्याच्या अंकात गुळाची तरफदारी वाचून काहींना नवल वाटेल. पण गूळही आपल्याच उसाचा. घरची साखर कमी करून गूळ, काकवी वापरावी असे हल्ली पुष्कळ भगिनी म्हणतात. तर आधी दोन्हींतला फरक पाहू.

साखर म्हणजे जवळजवळ निव्वळ सुक्रोज. गूळ म्हणजे सगळाच रस आटवलेला. त्यात सुक्रोज साधारण ६५ ते ८५ टक्के, बाकी ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडा ओलावा आणि क्षार. वास आणि किंचित खारट चव येते ती यामुळेच. काहिलीतला पाक साधारण १०५ अंशांवर उतरवला तर काकवी, ११८ च्या आसपास गेला तर गूळ.

आता मुद्द्याचे. घरात कुणाला मधुमेह निघाला, की “साखर बंद, गुळाचा चहा चालतो” असे सर्रास सांगतात. हे साफ चूक आहे. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ३९८ उष्मांक, गुळात सुमारे ३८३. फरक तो केवढा! गुळानेही रक्तातली साखर वाढतेच. औषधाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला गुळाचा लाडू प्रेमाने खाऊ घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दुसरी गोष्ट रंगाची. बाजारात पिवळाधमक गूळ आधी उचलला जातो, म्हणून गुळव्याही तसाच काढतो. रानभेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती नीट काढली तर गूळ स्वच्छ होतो. पण तो तांबूस किंवा तपकिरीच राहतो. पिवळेपणासाठी रसात हायड्रॉस पावडर टाकतात. त्यातून गंधकाचा अंश गुळात उरतो. कायद्याने तो दहा लाख भागांत ७० भागांपर्यंतच चालतो, पण चुलवाणावर मूठ भरून टाकणारा मोजतो कशाने? (साखरेचा रस स्वच्छ करायलाही बहुतेक कारखान्यांत गंधकाचा धूर वापरतात, पण तिथे प्रयोगशाळा असते.) शिवाय असा गूळ ठेवल्यावर पुन्हा काळवंडतोच. तेव्हा आपल्या उसाचा घरापुरता गूळ करवून घेत असाल, तर गुळव्याला आधीच बजावा, “रंग नको, मळी नीट काढा.”

जळणाचेही बघावे. चिपाडावर चालणारे गुऱ्हाळ चांगले. जिथे जुने टायर जाळतात तिथला गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून घेण्यात काय अर्थ?

स्वयंपाकात एक वाटी साखरेऐवजी सव्वा वाटी चिरलेला गूळ धरावा. चिपाडाचा कण, खडा असतोच. म्हणून थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. खिरीत उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटते, कारण गूळ थोडा आंबट असतो. खीर खाली उतरवून जरा निवू द्यावी, मग घालावा. चहाचेही तेच. पुरणात गूळ घातल्यावर ते सैल होते. उलथणे उभे राहीपर्यंत आटवावे, नाहीतर पोळी फुटते. भाकरीबरोबर, घावनाबरोबर काकवी आणि तूप यांना तोड नाही. पाकातले चिरोटे मात्र साखरेचेच करावेत, गुळाचे जमत नाहीत.

साठवणीचा गूळ कोरडा, कडक पाहून उन्हाळ्यातच भरावा. पावसाळी हवेत तो ओल ओढतो आणि पाझरू लागतो. कोरड्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवावा, आणि रोजच्या वापराचा तुकडा वेगळ्या डब्यात काढावा, म्हणजे मोठी बरणी सारखी उघडावी लागत नाही.